साळवे मास्तरांचे सोळा कोअर

साळवे मास्तर लॅपटॉपच्या पाठीवर तळहात ठेवून त्याला ताप किती आहे ते सांगत. नुसतं 'गरम आहे' असं नाही, आकड्यात सांगत. मी एकदा यंत्र लावून ताडून पाहिलं. अर्ध्या अंशाचा फरक निघाला, तर मास्तर म्हणाले, "तुझं यंत्र दाखव कुठंतरी."

औरंगपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत माझं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे. डिप्लोमाला मी दोनदा आपटलोय, पण मास्तर मला पहिल्या दिवसापासून 'इंजिनेर' म्हणत. त्यात मान किती आणि टोमणा किती, हे मला अजून उलगडलेलं नाही. समोर रफिकभाई टेलर, आणि रफिकभाईच्या डोक्यावर मास्तरांचा स्टुडिओ. स्टुडिओ म्हणजे एक खोली. भिंतींना अंड्यांचे ट्रे, ट्रेवर गोधड्या, गोधड्यांवर लग्नाच्या मांडवाचं जुनं कापड. बाहेरचा आवाज आत येत नसे आणि आतली हवा बाहेर जात नसे. रेकॉर्डिंगच्या वेळी पंखा बंद, कारण माईकला पंखा ऐकू येतो. फुलंब्रीचा एक भजनी गडी ऐन मे महिन्यात वरच्या सा ला पोचला आणि तिथून सरळ खाली आला, आडवा. मास्तरांनी त्याच्या तोंडावर पाणी मारलं, त्याला उठवून बसवलं, आणि तो पडल्याचा जो 'धप्प' झाला होता तो गाण्यात तसाच ठेवून दिला. म्हणाले, "समेवर पडलाय बाबा. असा पखवाज कुठं मिळतो?"

त्याच उन्हाळ्यात मास्तरांच्या लॅपटॉपवर पापड भाजून निघाला होता. लोक विश्वास ठेवत नाहीत. पण मी स्वतः खाल्लाय. एका बाजूनं जरा कच्चा होता.

आता रफिकभाईची शिलाई मशीन बरोबर मास्तरांच्या पायाखाली. म्हणून दोघांत एक रिवाज पडलेला. मास्तर फरशीवर टाचेनं तीनदा ठोकत, की खाली रफिकभाई मशीन थांबवी. गाणं संपलं की एकदा ठोकायचं, मशीन चालू. रफिकभाई खालून बोंब मारायचा, "मास्तर, कल शेरवानी देनी है! दुल्हा क्या चादर ओढ के जाएगा?" पण थांबायचा. वीस वर्षांत एकदाही टाका घातला नाही त्यानं गाण्यात.

मास्तर मूळचे बँजो पार्टीतले. गावोगाव जयंतीच्या कार्यक्रमांत कीबोर्ड वाजवायचे आणि त्यांच्या बायको कौसल्याबाई भीमगीतं म्हणायच्या. कौसल्याबाईंचा आवाज असा, की कार्यक्रम फुलंब्रीला असला तर हर्सूलच्या लोकांना तिकडं जायची गरज पडत नसे, घरात बसून ऐकत. हे मास्तरांचं वाक्य. मी त्यात फक्त हर्सूल घातलंय. तीस वर्षं बाई गायल्या, पण त्यांचं स्वतःचं एक गाणं धड रेकॉर्ड झालेलं नव्हतं. मास्तर सगळ्या जिल्ह्याला रेकॉर्ड करत बसले आणि घरची बाई राहिली. "ती कुठं पळून जातीय?" असं म्हणायचे.

बँजो पार्टीतून मास्तरांनी एक सिद्धांत आणला होता: काम अडलं की माणसं वाढवावीत. मिरवणूक ढिली पडली की दोन ढोल वाढवा. गाणं पडलं की चार ढोलक्या वाढवा. एका गाण्यात त्यांनी अकरा ढोलक्या घातल्या होत्या, आणि ते गाणं ऐकताना समोरच्या दुकानातली माझी कुलपं हलायची. लॅपटॉपलाही हाच सिद्धांत. कॉम्प्युटरच्या पोटात कोअर असतात, म्हणजे काम करणारी माणसंच म्हणा, हे मीच त्यांना कधीतरी सांगून बसलो होतो. तेव्हापासून लॅपटॉप अडला की खिडकीतून ओरडायचे, "इंजिनेर, आत दोनच माणसं हायेत रे! दोघांत कुठं वरात निघती?"

दुसरी गोष्ट म्हणजे मसाला. 'साळवे मसाला' हे त्यांनीच दिलेलं नाव. गाणाऱ्याच्या आवाजावर ते एकामागून एक चौदा इफेक्ट लावत. एक एको देणारा, एक घुमवणारा, एक खरखर खाणारा, एक आवाजाला जाडी आणणारा, एक चुकलेला सूर कान धरून जागेवर बसवणारा. ती चौदांची रांग त्यांनी कितीतरी वर्षं जुळवली होती आणि कोणी खोलीत आलं की स्क्रीनवर रुमाल टाकत. आणि हा मसाला मास्तर मागून लावत नसत. गाणाऱ्याच्या कानात, गाता गाताच, हेडफोनमधून देत. कारण स्टेजवर वाढलेल्या गाणाऱ्याला कानात एको नसला तर सूर सापडत नाही. तो गोंधळतो, आवाज चोरतो. मास्तर म्हणत, "गाणाऱ्याच्या कानात ओल पाहिजे. कोरड्यात बी उगवत नाय."

बजाजनगरचा एक फिटर एकदा आला होता. कारखान्याच्या धडधडीत सगळी उमर गेलेली, निवृत्तीच्या समारंभात स्वतःचं गाणं वाजवायचं होतं. आवाज म्हणाल तर गंजलेल्या फाटकाला राग आला असता. मास्तरांनी हेडफोन चढवला, मसाला सोडला. फिटर चार ओळी गायला आणि थांबला. डोळ्यांत पाणी. म्हणाला, "मास्तर, ह्यो मीच हाय का?"

"तूच की. मंग काय मी?"

तो गेल्यावर मी हसत सुटलो. मास्तर हसले नाहीत. स्क्रीनवरचा रुमाल नीट करत म्हणाले, "इंजिनेर, माणसाला त्याचा आवाज जसा हाय तसा कधी ऐकवू नये. लई वाईट असतं ते."

मला वाटलं, धंद्याची गोष्ट सांगतायत.

मग एका दुपारी मास्तर दुकानात आले आणि स्टुलावर न बसता उभेच राहिले. कौसल्याबाईंच्या घशात गाठ निघाली होती. घोगरेपणा बरेच दिवस होता, पण गाणाऱ्या बाईचा घसा बसतोच, म्हणून हळद-दूध चाललं होतं. आता डॉक्टरांनी सांगितलं होतं की स्वरयंत्रच काढावं लागेल. पुढच्या सोमवारी. जीव वाचेल, आवाज नाही.

"बाईंना माहीत आहे?" मी विचारलं.

"हाय की. म्हणती, सोमवारी देऊन टाकू, तवर तर आपलाच हाय. बारा गाणी काढली तिनं. स्वतःची, तिनं जोडलेली." मास्तर काउंटरवरच्या स्क्रू ड्रायव्हरशी चाळा करत होते. "जुनं मशीन मधीच अडतंय, इंजिनेर. तडतड करतंय. गाणं चालू असताना थांबायचं नाय बघ. नंतर कितीबी थांबू दे. गाताना नाय थांबायचं."

इथं मला पुढचा सगळा लांबलचक किस्सा टाळता आला असता, जर मी शेवटचं वाक्य ऐकलं असतं. मी ऐकलं नाही. मला फक्त 'जुनं मशीन अडतंय' ऐकू आलं. मी शोकेसमधून नव्या लॅपटॉपचा डबा काढला, हार घालायचा राहिला एवढंच, आणि म्हणालो, "मास्तर, सोळा कोअर! सोळा माणसं बसलीत आत. तुमचा अख्खा बँड मावतो आणि वर दोन पाव्हणे."

"सगळी कामाची हायेत?"

"एकापेक्षा एक!"

मी खोटं बोललो नाही. काम कसलं आहे ते विचारलं नाही, एवढंच. मास्तरांनी त्यासाठी आपला कीबोर्ड विकला. जयंत्यांमधून, पावसाचिखलातून फिरलेला तो कीबोर्ड एक पोरगा गोणपाटात बांधून घेऊन गेला तेव्हा मास्तर पाठमोरे बसून सोळा आलेख मोजत होते. स्क्रीनवर प्रत्येक कोअरचा एक चौकोन दिसतो ना, तो. मोजून झाले की पुन्हा पहिल्यापासून मोजत.

गुरुवारी सकाळी कौसल्याबाई आल्या. निळ्या काठाची पांढरी साडी, गळ्याभोवती पदर घट्ट लपेटलेला. जिन्यावर दोनदा थांबल्या, पण वर पोचल्यावर खिडकीतून खाली बघून म्हणाल्या, "रफिकभाई, चार दिस तुमची उपासमार हाय बगा."

रफिकभाईनं मशीनवर कापड झाकलं. "भाभी, तुम गाओ. दुल्हे बिना शेरवानी के भी शादी कर लेते." त्या दिवशी मास्तरांना टाच ठोकावी लागली नाही.

तासाभरात मास्तरांनी मला वर बोलावलं. नवीन मशीन तडतडत होतं. अगदी जुन्यासारखं. तेलात मोहरी टाकावी तसं, बाईंच्या ओळीच्या मधोमध. मास्तर माझ्याकडे बघत होते आणि मी सोळा चौकोनांकडे. एका चौकोनात आलेख छताला टेकलेला. बाकीचे पंधरा जमिनीवर लोळत पडलेले, जावयासारखे.

मला तेव्हा ते समजलं. तुमच्या गाण्यात चाळीस वाद्यं असली, तर सोळा कोअर वाटून घेतात. एक ढोलकी बघेल, एक बासरी. पण एकाच आवाजावर एकामागून एक चौदा इफेक्ट लावले, तर पहिल्याचं झाल्याशिवाय दुसऱ्याला हातच लावता येत नाही. ती सगळी रांग एकाच कोअरच्या डोक्यावर, आणि तीही बाईंच्या तोंडातून शब्द निघाल्या निघाल्या कानात पोचवायची. घरात सोळा बायका असोत, एक भाकरी एकच बाई थापणार. बाकीच्या फार तर सल्ला देतील.

मग मी एक उपाय केला. मशीनला थोडा जास्त वेळ घ्यायची मुभा दिली. तडतड गेली. पण आता बाईंचा आवाज त्यांच्याच कानात उशिरा पोचायला लागला. दोन ओळी गाऊन त्यांनी हेडफोन काढला. "अवो, कोणतरी माझ्यामागून माझंच गाणं म्हणतंय." हसल्या आणि खोकल्या. खोकला बराच वेळ चालला. पुन्हा होतं तसं करून ठेवलं, आणि त्या तडतडीतच गात राहिल्या. दिवसभरात दोन गाणी झाली, शुक्रवारी सकाळी एक.

"मास्तर, मसाला काढा ना," मी म्हणालो. "कोरडं घ्या. मशीनवर तसंही कोरडंच साठतं, मसाला फक्त कानात जातो. नंतर सावकाश लावा. मग बघा सोळा कसे पळतात."

"नाय."

"निदान दहा काढा."

"इंजिनेर," मास्तर एवढ्या हळू बोलले की मला वाटलं लॅपटॉपशीच बोलतायत, "तुला नाय सांगितलं ना?"

हट्टी म्हातारा, असं माझ्या मनात आलं. माणसं वाढवा, इफेक्ट वाढवा. अकरा ढोलक्यांचा माणूस.

दुपारी मास्तर गरम पाण्याचा थर्मास भरून आणायला खाली गेले. खोलीत मी आणि कौसल्याबाई. बाई माईकसमोर, कानाला हेडफोन, डोळे मिटून चौथ्या गाण्याचे शब्द पुटपुटत होत्या. आणि मी, डिप्लोमा नापास, सबंध मराठवाड्यात मशीनमधलं कळणारा एकटा माणूस, मी पुढं झालो. स्क्रीनवरचा रुमाल उचलला. चौदा दिवे होते, हिरवे. सगळे एकदम बंद करायला एक क्लिक लागतो.

"ताई, आता म्हणा. बघा कसं निघतं."

बाईंनी एक ओळ म्हटली. तडतड नव्हती. कणभरही नव्हती. चौकोनातला आलेख गुडघ्यावर आला होता. मी स्वतःची पाठ थोपटणार, तेवढ्यात बाई थांबल्या. हेडफोन काढून त्याच्याकडे बघितलं, पदरानं पुसला, पुन्हा घातला. तीच ओळ पुन्हा म्हटली, अर्धीच. ती कशी होती ते मी सांगत नाही. बाकी सगळं वाढवून सांगतो, त्याला मात्र वाढवायला जागा नाही.

"इंजिनेर, ह्यो कुणाचा हाय?"

"तुमचाच ताई!" मी आनंदानं म्हणालो. अजूनही आनंदानंच. "एकदम साफ! काहीच नाही लावलेलं."

बाईंनी मान हलवली. मग विचारलं, "कवापासून?"

मला प्रश्न कळला नाही. दारात मास्तर उभे होते. त्यांनी पहिल्यांदा स्क्रीनकडे बघितलं, विझलेल्या दिव्यांच्या रांगेकडे. मग थर्मास जमिनीवर ठेवला. चटका बसल्यासारखे पुढं आले आणि बाईंच्या डोक्यावरचा हेडफोन काढायला गेले, तर बाईंनी त्यांचा हात धरला.

"तुम्ही रोज असं ऐकत व्हता व्हय?"

मास्तर रुमालाकडे बघत होते.

"आवो, बोला की. मी इचारतीय."

"ऐकत व्हतो."

"आन् सोमवारपत्तुर आपलाच हाय म्हणत व्हते मी. तवाबी?"

"कौसल्या..."

"हा तर कवाच गेलाय मास्तर. दिवाळीच्या आधीच." बाईंच्या बोलण्यात राग नव्हता. एखादी वस्तू घरात नाही, हे बघून आलेलं माणूस सांगतं तसं सांगत होत्या. त्यांनी हेडफोन माईकच्या दांडीला अडकवला, तारेची गुंडाळी केली. "चला घरी. रफिकभाईला सांगा, मशीन चालू करा म्हणावं."

शनिवारी बाई आल्या नाहीत. रविवारी आल्या नाहीत. रफिकभाईनं दोन्ही दिवस मशीनवरचं कापड काढलं नाही. मी शटर अर्धं ओढून आत बसून राहिलो आणि एका मोबाइलचा एकच स्क्रू चार वेळा काढला, चार वेळा लावला. सोमवारी ऑपरेशन झालं. बारापैकी तीन गाणी निघाली होती, तडतडीसकट. नऊ बाईंच्या आवाजाबरोबर गेली, आणि ती कशामुळे गेली हे गल्लीत तिघांनाच माहीत होतं. आता तुम्हाला.

मास्तर मला एक शब्द बोलले नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर मी त्यांची एक लांबलचक गोष्ट करून लोकांना हसवलं असतं. पंधरा दिवसांनी दुकानात आले, स्टुलावर बसले, म्हणाले, "मशीन चांगलं हाय. मशीनची चूक नाय." मग विचारलं, "ती तडतड कापून काढता येती का रे?"

येते. गाण्याची रेघ स्क्रीनवर ताणून मोठी करायची. जिथं तडतड असेल तिथं एक बारीक काटा उभा दिसतो. तेवढाच निवडायचा, खोडायचा, दोन्ही टोकं जोडायची. एका गाण्यात असे शेकड्यांनी. मी वर जाऊन दाखवलं. काटे काढल्यानंतर मास्तरांनी तेच गाणं सजवलं, मागं ढोलक्या, बँजो, कोरस, पन्नास-साठ ट्रॅक. आणि सगळं एकत्र करून फाईल बनवायला टाकली तेव्हा सोळाच्या सोळा आलेख खाडकन उभे राहिले. काय पळाले! कामाला एकापेक्षा एक. समोर कोणी गात नव्हतं, कोणाच्या कानात काही पोचवायचं नव्हतं, घाई कसलीच नव्हती. मास्तर बघत राहिले आणि मी जिन्यानं खाली आलो.

पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी कौसल्याबाई गेल्या. गाठ घशापुरती थांबली नव्हती. मास्तरांनी खोली सोडली, गोधड्या रफिकभाईला दिल्या आणि मुलीकडे राहायला गेले. त्या दिवशी मी मुद्दाम मालाला बाहेर गेलो होतो. त्यामुळं मास्तरांना शेवटचं धड पाहिलं ते त्याआधी, एका सकाळी. तिसऱ्या गाण्याचं काम चालू होतं. मी वायर द्यायला वर गेलो आणि दारातच थांबलो.

दोघं स्क्रीनसमोर शेजारी शेजारी बसले होते. पंखा चालू होता. बाईंच्या गळ्याशी पांढरं फडकं, त्याखाली नळी, श्वासाची बारीक शिट्टी. पुढ्यात स्टीलचा पेला. गाणं हळूहळू पुढं सरकत होतं, बाईंचं, कोरडं, जसं होतं तसं. तडतड आली की बाई बोटातल्या अंगठीनं पेल्यावर एकदा वाजवत. मास्तर थांबत, काटा शोधत, निवडत, खोडत. पुढं. टिंग. खोडलं. पुढं. दोघांपैकी कोणी एकमेकांकडे बघत नव्हतं. तीस वर्षं स्टेजवर असंच बसले असतील.

मग एका वरच्या ओळीत एक काटा आला. चांगला मोठा. पेला वाजला नाही. मास्तरांनी तरीही गाणं थांबवलं, रेघ ताणून मोठी केली, काटा निवडला. बोट बटणावर नेलं.

बाईंनी त्यांचं मनगट धरलं.

"काय गं? दिसतोय की. ह्यो बी मशीनचाच."

बाईंनी मान हलवली. नाही. स्क्रीनवर त्या काट्यावर बोट ठेवलं, आणि तेच बोट उचलून आपल्या गळ्यावरच्या फडक्याला लावलं.

मास्तरांनी तो काटा पुन्हा एकदा वाजवून ऐकला. मग त्यांनी बटणावरचं बोट काढून घेतलं, आणि गाणं पुढं जाऊ दिलं.